साडेसहा अंकी मीटर घेण्याआधी: फर्नेसवरचा ८५०चा आकडा खरा कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. उष्णोपचाराचा कारखाना, चार विद्युत फर्नेस, सगळीकडे के टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचा, तापमानानुसार मिलिव्होल्ट देणारा सेन्सर). सेटिंग ८५० °से. कंट्रोलर ८५० दाखवतो. त्याच्याच ४-२० मिलिअँप आउटपुटवर चालणारा रेकॉर्डर ८५६ दाखवतो. मेन्टेनन्सच्या माणसाने हातातला मल्टिमीटर टर्मिनलला लावून तक्त्यावरून काढलं की ८४० येतं. ग्राहकाचं सीक्यूआय-९ (वाहन उद्योगातल्या उष्णोपचाराची तपासणी-पद्धत) ऑडिट जवळ आलंय आणि मालक साडेसहा अंकी बेंच मल्टिमीटर घ्यायला तयार आहेत. तो घ्यावा का, आणि नसेल तर मापनाची अचूकता वाढवायची कशी? जोडीला दुसरा प्रश्न: पॅनेलवरचा एनर्जी मीटर बिलाच्या मीटरपेक्षा सुमारे २ टक्के जास्त दाखवतो, तो कसा जुळवायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: मीटर आत्ता घेऊ नका. मीटर उत्तमच असतो, पण तुमच्या साखळीत चूक जिथे शिरते आहे तिथपर्यंत तो पोचत नाही. कुठलंही उपकरण विकत घेण्याआधी एक कागद घ्या, थर्मोकपलच्या टोकापासून पडद्यावरच्या आकड्यापर्यंत सिग्नल कुठून कुठून जातो ते ओळीने लिहा आणि प्रत्येक टप्प्यापुढे त्या टप्प्याची कमाल चूक अंशांत लिहा. कॅलिब्रेशनच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला या कागदाइतकं उपयोगी दुसरं साधन माहीत नाही.

तुमचा कागद मीच भरून दाखवतो. थर्मोकपल वर्ग २ चा असेल तर आयईसी ६०५८४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याची मुभा ±२.५ अंश किंवा मोजलेल्या तापमानाच्या ०.७५ टक्के, यातलं जे मोठं ते. ८५० अंशांना हे ±६.४ अंश होतात. थर्मोकपलपासून पॅनेलपर्यंतची केएक्स एक्स्टेन्शन केबल, तीही वर्ग २ ची, ±१०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे साधारण ±२.५ अंश. कंट्रोलरच्या टर्मिनलपाशी खोलीचं तापमान मोजून भरपाई होते, म्हणजे कोल्ड जंक्शन, तिथे ±१ अंश धरू. कंट्रोलर १२०० अंशांच्या स्पॅनवर ०.२ टक्क्यांचा असेल तर ±२.४ अंश. या चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून सरळ बेरीज न करता वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं. उत्तर येतं ±७.३ अंश. (अनिश्चिततेच्या रीतसर गणितात प्रत्येक मर्यादेला तीनच्या वर्गमूळाने भागून शेवटी दोनने गुणतात. आपल्याला फक्त तुलना करायची आहे, तेवढ्याला हे पुरतं.)

आता मालकांच्या मनातला मीटर या कागदावर ठेवून पाहू. कीसाइटच्या ३४४०१ए या खूप वापरल्या गेलेल्या साडेसहा अंकी मीटरचं एका वर्षाचं स्पेसिफिकेशन १०० मिलिव्होल्ट रेंजवर असं आहे: रीडिंगच्या ०.००५० टक्के अधिक रेंजच्या ०.००३५ टक्के. ८५० अंशांना के टाइप ३५.३१३ मिलिव्होल्ट देतो, त्यावर ही चूक सव्वापाच मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे ०.१३ अंश. कंट्रोलरच्या २.४ अंशांच्या जागी हे ०.१३ घाला आणि पुन्हा वर्गमूळ काढा: ±६.९. एवढे पैसे खर्चून ७.३चे ६.९ झाले. उलट कंट्रोलर आहे तसा ठेवा, थर्मोकपल कॅलिब्रेशन करून घ्या, प्रमाणपत्रातली दुरुस्ती लावा आणि त्याची उरलेली अनिश्चितता १.५ अंश धरा. उत्तर ±३.९ येतं. केबलही वर्ग १ ची घेतलीत तर ±३.४. चूक निम्म्याहून खाली आली आणि मीटरला हातही लावावा लागला नाही.

तुमच्या तीन आकड्यांचा निकाल आता एकेक करून लावू.

८४०चा आकडा फळ्यावरून पुसूनच टाका. हातातला ६००० काउंटचा मीटर मिलिव्होल्टला ±(०.५ टक्के + ३ काउंट) असा असतो, ६०० मिलिव्होल्ट रेंजवर त्याची एक पायरी, म्हणजे एक काउंट, ०.१ मिलिव्होल्टची. ३५.३ मिलिव्होल्टवर चूक ०.१८ अधिक ०.३, म्हणजे ०.४८ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे १२ अंश. त्याची एक पायरीच अडीच अंशांची आहे. त्याने ८४० दाखवलं काय आणि ८६० दाखवलं काय, कंट्रोलरबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्यात हे स्पेसिफिकेशन २३ ±५ °से. साठी छापलेलं असतं. बहुतेक हातातल्या मीटरच्या पुस्तिकेत शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते: १८ च्या खाली किंवा २८ च्या वर गेल्यास प्रत्येक अंशामागे मूळ चुकीच्या ०.१ पट चूक वाढवा. मे महिन्यात फर्नेसशेजारी ४५ अंश सहज असतात, विदर्भात तर सावलीतही. २८ च्या वर १७ अंश, म्हणजे चूक मूळच्या २.७ पट. १२ अंशांचे ३२ अंश झाले. मीटर बिघडलेला नाही, त्याला झेपणार नाही असं काम दिलं गेलंय.

शिवाय मल्टिमीटर कोल्ड जंक्शनची भरपाई करत नाही. टर्मिनल ३५ अंशांना असेल तर मीटरवर ३५.३१३ नव्हे, १.४०७ कमी, म्हणजे ३३.९०६ मिलिव्होल्ट दिसतात. टर्मिनलचं तापमान मोजा, तक्त्यातून त्याचे मिलिव्होल्ट काढा, ते मिळवा आणि मग अंशांत रूपांतर करा. अंशांत अंश मिळवण्याची सवय लावू नका. के टाइपला त्याने फारसं बिघडत नाही कारण त्याची रेषा बऱ्यापैकी सरळ आहे, पण प्लॅटिनमचा एस टाइप खोलीच्या तापमानाला अंशामागे ६ मायक्रोव्होल्ट आणि हजार अंशांना साधारण साडेअकरा देतो. तिथे हीच सवय पंधरा-वीस अंशांनी फसवते.

८५६ हा रेकॉर्डरचा आकडा मला जास्त बोलका वाटतो. रेकॉर्डर थर्मोकपल वाचतच नाही. कंट्रोलरकडून आलेला प्रवाह २५० ओहमच्या रेझिस्टरमधून जातो आणि रेकॉर्डर त्यावरचे १ ते ५ व्होल्ट वाचतो. ० ते १२०० च्या स्केलवर ८५० म्हणजे १५.३३३ मिलिअँप, म्हणजे ३.८३३ व्होल्ट. तो रेझिस्टर १ टक्का जास्त निघाला तर रेकॉर्डर साडेअकरा अंश वर जातो. सहा अंशांसाठी अर्धा टक्का पुरतो, म्हणजे २५० च्या जागी २५१.३ ओहम. रेझिस्टरवरचा शेवटचा पट्टा पाहा. तपकिरी असेल तर तो १ टक्क्याचा आहे आणि बहुधा तुमचे सहा अंश तिथेच सापडतील. ०.१ टक्क्याचा, अंशामागे २५ पीपीएमपेक्षा (दहा लाखांत २५ भागांपेक्षा) कमी बदलणारा रेझिस्टर बसवा. २० मिलिअँपला त्यात फक्त ०.१ वॅट जातो, तरी अर्ध्या किंवा एक वॅटचा घ्या, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने सरकणार नाही. रेझिस्टर बदलूनही फरक राहिला तर कंट्रोलरच्या आउटपुटचा प्रवाह मोजा, तोही ट्रिम करता येतो. आधी मात्र रेझिस्टर, तोच सर्वांत स्वस्त आहे.

राहिला ८५०. कंट्रोलर ८५० दाखवणारच, तो स्वतःला जे दिसतं ते सेटिंगला आणून ठेवतो. फर्नेसमध्ये खरोखर ८५० आहेत का, हे त्याला विचारून कळणार नाही.

इथे थर्मोकपलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण यावर सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. सिग्नल टोकाच्या मण्यात तयार होतो असं बहुतेकांना वाटतं. तो तारेच्या लांबीवर, जिथे तापमान बदलत जातं त्या पट्ट्यात तयार होतो. तुमच्या फर्नेसमध्ये हा पट्टा भिंतीच्या जाडीत आहे: आत ८५०, बाहेर साठ-सत्तर. मण्यापाशी सगळीकडे सारखंच तापमान असतं, तिथे तारा जवळपास काहीच देत नाहीत. याचा परिणाम मोठा आहे. के टाइपची तार वर्षभर तापली की भिंतीतला तो पट्टा ऑक्सिडेशनने बदलतो. ऑक्सिजन कमी असलेल्या वातावरणात, ८०० ते १०५० अंशांच्या दरम्यान, धन तारेतलं क्रोमियम निवडून जळतं आणि रीडिंग हळूहळू खाली जातं. कार्बुरायझिंग करणाऱ्यांना हे हिरवं ऑक्साइड ओळखीचं असतं. रीडिंग खाली गेलं की कंट्रोलर फर्नेस आणखी तापवतो, आणि पडद्यावर तेच ८५० राहतं.

म्हणून वापरलेला के टाइप काढून लॅबला पाठवू नका. लॅबच्या फर्नेसमध्ये तो वेगळ्या खोलीपर्यंत जाईल, तापमान बदलण्याचा पट्टा तारेच्या वेगळ्या भागावर येईल, आणि लॅबने प्रामाणिकपणे काढलेला आकडा तुमच्या भिंतीत लागू होणार नाही. सफाईसाठी काढून पुन्हा बसवताना तो चार इंच कमी-जास्त आत गेला तरी रीडिंग बदलतं, त्यामागे हेच कारण आहे. नवा थर्मोकपल बसवण्याआधी कॅलिब्रेट करा, त्याच्या नळीवर खोलीची खूण करा, आणि त्यानंतर त्याची तपासणी जागेवरच करा. सीक्यूआय-९ मध्ये जी सिस्टिम अ‍ॅक्युरसी टेस्ट मागतात ती हीच. कॅलिब्रेट केलेला दुसरा थर्मोकपल कंट्रोलच्या थर्मोकपलशेजारी टोकाला टोक लागेल इतका जवळ घालायचा, त्याला स्वतंत्र वाचक लावायचा, फर्नेस कामाच्या तापमानाला स्थिर होऊ द्यायची आणि दोन्ही आकडे लिहायचे. दोन्ही प्रमाणपत्रांतल्या दुरुस्त्या लावल्यानंतरचा फरक हा तुमचा खरा आकडा.

त्या दुसऱ्या थर्मोकपलसाठी एन टाइपचा विचार करा. १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात नोएल बर्ली यांनी के टाइपचे हेच दोष समोर ठेवून त्याचे मिश्रधातू घडवले, आणि तापमानाच्या या पट्ट्यात तो के टाइपपेक्षा बराच स्थिर राहतो. २५० ते ५५० अंशांच्या दरम्यान तापताना एक रीडिंग आणि थंड होताना दुसरंच, हा के टाइपचा त्रासही एन टाइपमध्ये पुष्कळ कमी आहे. टेम्परिंगच्या फर्नेस त्याच तापमानाच्या असतात, त्यामुळे तुम्हाला दोन्हीकडे फायदा होईल.

केबलचे दोन दोष कुठल्याही मीटरच्या स्पेसिफिकेशनपेक्षा मोठे असतात. तुटलेल्या केएक्स केबलच्या जागी साधी तांब्याची केबल जोडली, तर जंक्शन हेड (थर्मोकपल आणि केबल जिथे जुळतात तो डबा) आणि पॅनेल यांच्या तापमानात जितका फरक तितकी चूक. हेड ७० अंशांना, पॅनेल ३२ ला, तर ३८ अंश कमी. केएक्सच जोडली पण हेडवर आणि पॅनेलवर दोन्हीकडे उलटी, तर दुप्पट, ७६ अंश कमी. उलटी जोडणी एकाच टोकाला असेल तर आकडा इतका वेडावाकडा येतो की लगेच लक्षात येतं. दोन्हीकडे उलटी असली की आकडा दिसायला ठीक असतो, म्हणून ती जास्त घातक. रंगांनी यात भर घातली आहे. आयईसीच्या केबलमध्ये के टाइपचं आवरण हिरवं, हिरवी तार धन आणि पांढरी ऋण. अमेरिकन पद्धतीत लाल तार ऋण असते. लाल म्हणजे प्लस हे ज्यांच्या हाताला बसलंय ते अमेरिकन केबल हमखास उलटी जोडतात. रंगावर जाऊ नका. टोकं एकत्र पिळा, हाताने गरम करा आणि मिलिव्होल्ट वर जातात की खाली ते पाहा. किंवा चुंबक लावा: के टाइपची ऋण तार, अ‍ॅल्युमेल, चुंबकाला चिकटते.

टर्मिनल घासून स्वच्छ ठेवा आणि घट्ट आवळा. स्वच्छ तांब्याला तांबं जोडलं तर अंशामागे ०.२ मायक्रोव्होल्टइतकाच नको असलेला सिग्नल येतो, सोल्डरला १ ते ३. काळ्या पडलेल्या, ऑक्साइड चढलेल्या तांब्याला तो १००० मायक्रोव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. दोन स्क्रूंच्या तापमानात एकाच अंशाचा फरक असला तरी तो के टाइपवर २५ अंशांचा होतो. क्वेंच ऑइलचा धूर आणि पावसाळ्यातली दमट हवा यांनी टर्मिनल फार लवकर काळे पडतात. पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावण्याची पद्धत बऱ्याच शॉपमध्ये दिसते, तीही मोडा. फॅनचा झोत टर्मिनल पट्टीवर पडला की कोल्ड जंक्शनचा सेन्सर एक तापमान मोजतो आणि स्क्रू दुसऱ्याच तापमानाला असतात. तिथला एक अंश पडद्यावर पूर्ण एक अंश म्हणून येतो, कुठेही विभागला जात नाही.

आता बाहेरून शिरणारा गोंधळ. तुमच्या फर्नेस थायरिस्टरवर (विजेची लहर कापून हीटरची ताकद कमी-जास्त करणारा स्विच) चालतात असं मी धरतो. एक साधी चाचणी आजच करा: तापमान स्थिर असताना हीटरचा कॉन्टॅक्टर दोन-तीन सेकंद बंद करा आणि रीडिंगकडे पाहा. इतक्या वेळात फर्नेस थंड होऊ शकत नाही. आकडा त्याच क्षणी तीन-चार अंश सरकला तर तो फरक तापमानाचा नाही, हीटरची वीज सिग्नलमध्ये मिसळते आहे. गरम झाल्यावर तारांभोवतीची चिनी माती आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचा इन्सुलेशन रेझिस्टन्स पुष्कळ घटतो आणि हीटरची गळती थर्मोकपलच्या तारांपर्यंत येते. थंड फर्नेसवर मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावून सगळं उत्तम दिसतं, कारण दोष फक्त तापल्यावर असतो.

यावर उपाय त्यांच्या क्रमाने करायचे. टोक आवरणाला वेल्ड केलेला थर्मोकपल असेल तर कंट्रोलरचा इनपुट आयसोलेटेड (विजेच्या दृष्टीने अर्थपासून वेगळा) आहे का ते आधी पाहा. नसेल तर फर्नेसची अर्थ आणि पॅनेलची अर्थ यांच्यात सिग्नलच्या तारेतूनच वाट तयार होते. इनपुटला आयसोलेटर द्या किंवा टोक सुटं असलेला थर्मोकपल घ्या. केबल पीळ दिलेली आणि शिल्ड असलेली हवी, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केलेली, दुसरं टोक कापून टेप लावलेलं. सिग्नल केबल पॉवरच्या ट्रेमधून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. एवढं झाल्यानंतरच उपकरणातल्या फिल्टरकडे वळा. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणून मापनाचा काळ २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत ठेवला की ती लहर वरखाली होऊन शून्य होते. बेंच मीटरमध्ये याला एक पॉवर लाइन सायकल म्हणतात आणि ३४४०१ए ला एक किंवा जास्त सायकलला ५० हर्ट्झची लहर ६० डेसिबलने, म्हणजे हजारपट दाबता येते. अमेरिकेहून आलेलं उपकरण ६० हर्ट्झवर सेट राहिलेलं असेल तर हा फायदा जातो. सेटिंग बदलता येत नसेल तर १०० मिलिसेकंद ठेवा, त्यात ५० च्या पाच आणि ६० च्या सहा लहरी पूर्ण बसतात.

सरासरी काढून अचूकता वाढते का, हेही तुमच्या पत्रात होतं. रीडिंग इकडेतिकडे उडत असेल तर हो: शंभर रीडिंगची सरासरी ते उडणं दहापट कमी करते. सगळी रीडिंग एकाच बाजूला सरकलेली असतील तर हजारांची सरासरी घेऊनही तोच चुकीचा आकडा अधिक स्थिर दिसेल. म्हणून गाळणीआधी कारण शोधायचं.

तपासताना एक काळजी घ्या. कंट्रोलर थर्मोकपल तुटलाय का हे ओळखण्यासाठी त्यातून अगदी छोटा प्रवाह सोडतो. तो १ मायक्रोअँप असला आणि लांब बारीक केबलचा रेझिस्टन्स १०० ओहम असला की १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे अडीच अंश सरकतात. तपासणीचा वाचक कंट्रोलरला समांतर लावू नका. थर्मोकपल सोडवून एकट्या वाचकावर घ्या, किंवा स्वतंत्र थर्मोकपल वापरा.

पीटी१०० (प्लॅटिनमच्या रेझिस्टन्सवरून तापमान मोजणारा सेन्सर) असलेल्या जागांबद्दल थोडक्यात. त्यात एका अंशाला ०.३८५ ओहम बदलतात, म्हणून दोन तारांनी जोडलात तर केबलचा प्रत्येक ओहम २.६ अंश जास्त दाखवतो. ०.५ चौरस मिलिमीटरची केबल पन्नास मीटर दूर नेली, म्हणजे जाऊन-येऊन शंभर मीटर, की साडेतीन-पावणेचार ओहम, जवळपास दहा अंश. ऑफसेट देऊन ते खोडलं तरी तांबं अंशामागे ०.३९ टक्के बदलतं, म्हणून हिवाळ्यात लावलेला ऑफसेट उन्हाळ्यात एका अंशाने चुकतो. तीन तारा जोडा, आणि तिन्ही एकाच गेजच्या आणि तितक्याच लांबीच्या. तपासणीच्या टेबलावर चार तारा.

आता एनर्जी मीटर. इथे मीटरवर संशय घेण्याआधी सीटीकडे पाहा, म्हणजे मोठा प्रवाह ठरलेल्या प्रमाणात कमी करून मीटरला देणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरकडे. वर्ग ०.५ हा शब्द पूर्ण प्रवाहापुरता खरा आहे. १०० टक्के प्रवाहाला प्रमाणातली चूक ०.५ टक्के आणि कोनातली ३० मिनिटं (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग). २० टक्के प्रवाहाला हीच मुभा ०.७५ टक्के आणि ४५ मिनिटं होते, ५ टक्क्यांना १.५ टक्के आणि ९० मिनिटं. तुमचा सीटी ४००/५ चा आहे आणि प्रवाह बहुतेक वेळ ८० अँपच्या आसपास, म्हणजे तुम्ही कायम २० टक्क्यांवर आहात. कोनातल्या चुकीचा पॉवरवर होणारा परिणाम व्होल्टेज आणि प्रवाह यांच्यातल्या कोनाच्या टॅनच्या पटीत वाढतो. पॉवर फॅक्टर १ असेल तर ४५ मिनिटं जवळजवळ दिसतच नाहीत. ०.५ असेल तर तीच ४५ मिनिटं पॉवरमध्ये २.३ टक्के चूक घालतात. थायरिस्टर फेज अँगलवर कमी तापवत असताना पॉवर फॅक्टर खूप खाली जातो. सीटीचा दुय्यम प्रवाह साधारणपणे थोडा पुढे असतो, म्हणून मागे पडणाऱ्या लोडवर मीटर जास्त दाखवतो. तुमचे २ टक्के जास्त याच्याशी जुळतात.

बर्डनही, म्हणजे तार आणि मीटर यांचा सीटीवर पडणारा भारही तपासा. सीटीपासून मीटरपर्यंत जाऊन-येऊन ४० मीटर अडीच चौरस मिलिमीटरची तार असेल तर ती सुमारे ०.३ ओहम. ५ अँपला त्यातच साडेसात व्हीए (व्होल्ट-अँपिअर) खर्च होतात, आणि पॅनेलमधले सीटी बऱ्याचदा ५ व्हीएचे असतात. तिथे वर्ग ०.५ हा फक्त नेमप्लेटवर राहतो. १ अँप दुय्यम असलेला सीटी घेतला तर त्याच तारेत ०.३ व्हीए जातात. तुम्ही १००/१ किंवा १५०/१ चे वर्ग ०.५एस सीटी बसवा. त्यांना २० टक्क्यांपासूनच ०.५ टक्के आणि ३० मिनिटांची मुभा लागू होते. काम करताना चालू सीटीचं दुय्यम उघडं टाकू नका, आधी शॉर्टिंग लिंक लावा. उघड्या दुय्यमवर जीव जाईल इतकं व्होल्टेज येतं.

क्लॅम्प मीटरने पडताळणार असाल तर तो ट्रू आरएमएस आहे याची खात्री करा. साधा मीटर सरासरी मोजून १.११ ने गुणतो, आणि तो गुणक फक्त शुद्ध साइन लहरीला लागू आहे. थायरिस्टरने कापलेल्या लहरीला त्याचं उत्तर चुकीचंच येणार.

शेवटी पैसे कुठे घालायचे ते. वर्ग १ चे नवे थर्मोकपल आणि वर्ग १ ची केएक्स केबल, चारही फर्नेसना. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर. तपासणीसाठी एक एन टाइप संच. आणि साडेसहा अंकी मीटरच्या जागी एक चांगला थर्मोकपल कॅलिब्रेटर, जो मिलिव्होल्ट देतोही आणि मोजतोही, ज्याचं कोल्ड जंक्शन स्वतःचं आहे आणि जो ८५० च्या आसपास सुमारे अर्ध्या अंशाचा आहे. कंट्रोलरच्या २.४ अंशांपुढे तो चौपट चांगला असला की पुरे. तो शॉपमध्ये नेल्यावर लगेच रीडिंग घेऊ नका, एसीतून उष्ण शॉपमध्ये आलेल्या उपकरणाला तिथल्या तापमानाशी जुळायला अर्धा-पाऊण तास द्या.

कॅलिब्रेशनला पाठवताना एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त लॅब निवडा आणि तिच्या मान्यतेच्या यादीत तुमची रेंज कोणत्या अनिश्चिततेने आहे ते वाचा. मुंबईत चुनाभट्टीची आयडीईएमआय ही सरकारी संस्था आहे, पुणे-नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यात खासगी लॅब पुष्कळ आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतला जोसेफसन पद्धतीचा (क्वांटम परिणामावर आधारलेला) व्होल्ट या सगळ्यांच्या वर बसतो, आणि तिथून तुमच्या कॅलिब्रेटरपर्यंत प्रत्येक पायरीची अनिश्चितता प्रमाणपत्रांच्या साखळीत लिहिलेली असते. २० मे २०१९ ला एककांची नवी व्याख्या आली तेव्हा व्होल्ट एका कोटीमागे एका भागाने सरकला. तुमच्या शॉपला त्याने काही फरक पडत नाही, पण वरच्या टोकाला किती बारीक काळजी घेतली जाते ते कळावं.

लॅबला बिंदू तुम्ही सांगा: २०, ३०, ३५ आणि ४० मिलिव्होल्ट. न सांगितल्यास ते रेंजच्या १०, ५० आणि ९० टक्क्यांवर घेतील आणि तुमचे ३५ मिलिव्होल्ट दोन बिंदूंच्या मध्ये लटकतील. आणि उपकरण जसं आलं तशी रीडिंग प्रमाणपत्रावर हवीत, असं ऑर्डरमध्येच लिहा. लॅबमधून फोन येईल, 'थोडं सरकलंय, अ‍ॅडजस्ट करून देऊ का?' उपकरण स्पेसिफिकेशनच्या आत असेल तर नको म्हणा आणि आलेली दुरुस्ती फर्नेसच्या नोंदवहीत लिहून वापरा. दर वर्षी फिरवून शून्यावर आणलेल्या उपकरणाचा इतिहासच उरत नाही. तीन-चार वर्षं हात न लावलेल्या उपकरणाच्या प्रमाणपत्रांवरून ते वर्षाला कोणत्या दिशेने किती सरकतं ते दिसतं, आणि पुढच्या वर्षीची दुरुस्ती आधीच अंदाजता येते.